पोळ्याला दिसलेला खड्डा संक्रांतीपर्यंत ठेवू नका: दात भरून घेण्याची सगळी माहिती

"रातभर डोया लागला नाई, बाई. आता उपटूनच टाका."

बाजाराच्या दिवशी हे वाक्य माझ्या दवाखान्यात चार-पाचदा तरी ऐकू येतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी दातांची डॉक्टर आहे. त्या दिवशी आलेली बाई पदराचा बोळा गालावर दाबून बसली होती. मी विचारलं, दाढेत खड्डा पहिल्यांदा कधी दिसला? "पोळ्याच्या टायमाले. खाल्लेलं अडकत होतं त्याच्यात." मग तेव्हाच का नाही आलात? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं असावं. "तेव्हा दुखत नव्हतं न!"

पोळा ते संक्रांत, पाच महिने. पोळ्याला आली असती तर अर्ध्या-पाऊण तासात दाढ भरून दुपारच्या एसटीनं घरी गेली असती. संक्रांतीला तीच दाढ वाचवायची तर रूट कॅनल (म्हणजे आतली नस काढून ती जागा भरणं), वर कॅप, तीन-चार फेऱ्या आणि भरण्याच्या पाच-सहा पट खर्च. कापूस वेचणीची मजुरी बुडते ती वेगळीच. म्हणून खड्डा दिसल्यापासून तो भरून घरी येईपर्यंत काय काय करायचं, ते ओळीनं सांगते.

किडा नावाचा किडा नसतो

आपण "दाढेला कीड लागली" म्हणतो, त्यामुळे आत खरोखर अळी बसलीय असं पुष्कळांना वाटतं. जत्रेत आणि आठवडी बाजारात दाढेतला किडा काढून देणारे याच समजावर जगतात. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकायच्या, तो धूर नळीनं तोंडात घ्यायला लावायचा आणि मग वाटीतल्या पाण्यात पांढरे बारीक किडे तरंगताना दाखवायचे. ते किडे म्हणजे उष्णतेनं तडकलेल्या बियांमधून बाहेर पडलेले अंकुर. माझ्या आजीनं असे किडे काढून घेतले होते, मोजलेही होते. अकरा निघाले. दाढ पुढच्या वर्षी गेलीच.

खरे दोषी डोळ्यांना दिसत नाहीत. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स आणि त्याच्या जातभाई जंतूंना साखर मिळाली की ते तिचं आम्ल करतात. दातावरच्या थराचा सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं वरचं कठीण कवच, म्हणजे इनॅमल, विरघळू लागतं. लाळ ही झीज थोडीफार भरून काढते, पण तिला मधे उसंत लागते. म्हणून सणाला एकदा पोटभर पुरणपोळी खाणाऱ्यापेक्षा दिवसभर टपरीवर आठ कप गोड चहा घेणाऱ्याचे दात लवकर किडतात.

इनॅमलला संवेदना नसते, म्हणून सुरुवातीला काहीच दुखत नाही. त्याच्याखालचं डेंटिन मऊ असतं आणि तिथं पोचलेली कीड आडवी पसरते. धुऱ्यावरचं उंदराचं बीळ आठवा: तोंड अंगठ्याएवढं, आत मात्र पोकळ घर. दाढेचंही तसंच. "एवढंसं छिद्र आहे, बाई" म्हणणाऱ्याच्या दाढेत मी मशीन लावते, वरचं कवच खाली बसतं आणि आत हरभऱ्याचा दाणा मावेल एवढी जागा निघते. डेंटिनच्याही आत मधोमध नस असते. कीड तिथं पोचायच्या आत दाढ भरणं, एवढाच या सगळ्याचा खेळ.

आरशासमोर पाच मिनिटं

घरातल्या एकाला मोबाइलचा टॉर्च धरायला सांगा. दात घासून, चूळ भरून, रुमालानं दाढा कोरड्या पुसा. ओल्या दाढेवर काही दिसत नाही. दाढांच्या वरच्या घळी, दोन दाढांमधली फट आणि हिरडीलगतची कड, या तीन जागा पाहा. काळा खड्डा, कड तुटलेली, रोज त्याच फटीत मटणाचा किंवा संत्र्याचा धागा अडकणं, ही भरण्याची वेळ झाल्याची चिन्हं. हिरडीजवळ खडूसारखा पांढरा, निस्तेज पट्टा असेल तर ती कीड नुकती सुरू झालेली असते. खड्डा पडलेला नसेल तर फ्लोराइडच्या पेस्टनं आणि गोड कमी करून ती बहुतेक वेळा तिथंच थांबवता येते.

पांढरकवडा, झरी जामणी आणि चंद्रपूरकडच्या काही गावांतल्या लोकांसाठी इथं थांबून एक गोष्ट सांगायला हवी. बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की पक्के दात तयार होतानाच त्यांच्यावर पांढरे-पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. ते दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखे असतात. ती कीड नव्हे. ते भरायचे नसतात आणि घासूनही जात नाहीत. पोराला "दात घासत नाहीस" म्हणून धपाटे घालणाऱ्या आया मी रोज पाहते. पोराचा दोष नसतो. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. पाणी तपासून घ्या, आणि लहान लेकरांना पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढं सहापर्यंत वाटाण्याएवढीच द्या. ती थुंकायलाही शिकवा.

पोरांचंच निघालं म्हणून आणखी एक. साधारण सहाव्या वर्षी, दुधाचा एकही दात न पडता, सगळ्यात मागं एक नवी दाढ येते. ती पक्की असते, तिच्यामागून दुसरी येणार नसते. घरच्यांना ती दुधाची वाटते, "पडेलच ती" म्हणून सोडून देतात आणि आठव्या-नवव्या वर्षी ती अर्धी सडलेली असते. तिच्या घळी खोल असतील तर किडायच्या आधीच सीलंट लावून बुजवता येतात. सुई नाही, मशीन नाही. अंगणवाडीत-शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. ते दातही पाहतं. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका.

खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, खाणाऱ्यांनी आरशासमोरच आणखी एक करावं. आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का ते बघा. जात नसतील, तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, तर मामला दाढेपुरता नाही. गालाच्या आतली कातडी ताठ होत चाललीय आणि पुढं त्यातून कॅन्सर होऊ शकतो. शिवाय तोंड दोनच बोटं उघडत असेल तर मागची दाढ भरायला माझं मशीन आत जात नाही, हे वेगळंच दुखणं.

दुखणं काय सांगतं

थंड पाणी किंवा गोड लागलं की चमक येते आणि लगेच थांबते: दाढ अजून भरण्याजोगी आहे. गरम चहानं कळ येते आणि पाच-दहा मिनिटं जात नाही, रात्री आडवं झालं की ठणका वाढतो, कुठली दाढ हेही सांगता येत नाही: नसेला सूज आलीय, बहुधा रूट कॅनल लागेल. मग अचानक दुखणं थांबतं. लोक खूश होतात. खरं तर नस मेलेली असते आणि मुळाशी पू जमायला लागलेला असतो. हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, पुन्हा येते. अशी दाढ नुसती वरून भरली तर पू आतच कोंडतो. म्हणून "स्वस्तात फक्त भरून द्या" हा आग्रह डॉक्टरांनी मोडला तर रागवू नका.

सूज जबड्याखाली किंवा डोळ्याकडे सरकत असेल, ताप असेल, घास गिळता येत नसेल तर बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका. रात्र असली तरी जिल्ह्याचं रुग्णालय गाठा.

आणि तोवर घरी? मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, दुसऱ्या बाजूनं चावणं आणि झेपत असेल ती दुखण्याची साधी गोळी, जेवून. लवंग तेलाचा कापूस थोडा वेळ खड्ड्यात ठेवला तर चालतो, हिरडीवर ओघळू देऊ नका. गोळीच गालात दाबून ठेवणारे येतात. त्यांची आतली कातडी पांढरी भाजून निघालेली असते. तंबाखूची चिमूट, पेट्रोल, बॅटरीचं पाणी, हे सगळं मी पाहिलंय. यातल्या कशानंही दाढ बरी झालेली पाहिली नाही.

कुठं जायचं, काय घेऊन जायचं

दंतवैद्याकडे किमान बीडीएसची पदवी आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी असते. प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं, नसेल तर विचारा. बाजारात सतरंजी टाकून दात बसवणारे प्लास्टिकचा लगदा दाताच्या फटीत दाबून "पक्का भरला" म्हणतात. खालची कीड तशीच असते, वर हिरडी सडते ती वेगळी.

पैशाची ओढाताण असेल तर आधी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाचा दंत विभाग. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. निघण्याआधी फोन करून दंतचिकित्सक त्या दिवशी आहेत का आणि भरायचं साहित्य आहे का, हे दोन्ही विचारा. "आहेत" म्हणजे "भरतात" असं नसतं, कधी कधी फक्त उपटतात. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा वर्ध्याजवळ सावंगीचं दंत महाविद्यालय जवळ पडत असेल तर तिथं शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली भरतात. काम चांगलं होतं, पण सकाळ सगळी जाते. चिठ्ठी काढायला लवकर पोचा.

सोबत चालू गोळ्यांची पाकिटंच घेऊन या, "ती पांढरी गोल गोळी" यावरून मला काही कळत नाही. शुगर, बीपी, रक्त पातळ करणारी गोळी, हृदयाची झडप, दिवस गेलेले असणं, आधी भुलीच्या सुईनं त्रास झालेला असणं, हे न विचारताही सांगा. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार खूप आहे. त्याचं लाल किंवा पिवळं कार्ड असेल तर ते दाखवा. सिकलसेलच्या पेशंटला दाढेतला पू आणि उपाशी-तहानलेलं राहणं, दोन्ही महागात पडू शकतं. भरायला येताना कोणीच उपाशी येऊ नये. जेवून, पाणी पिऊन या. भूल असते ती फक्त गालापुरती.

खुर्चीत बसल्यावर

आधी तपासणी आणि गरज वाटली तर लहानसा एक्स-रे. दोन दाढांमधली कीड एक्स-रेशिवाय दिसत नाही, तेव्हा त्याचे पैसे फुकट गेले असं समजू नका. अवजारं तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून काढली जातायत का ते पाहा. ती आटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांवर किमान १५ मिनिटं ठेवलेली असावी लागतात. हे विचारणं अपमानाचं नाही. मला कोणी विचारलं की मी खूश होते.

खड्डा उथळ असेल तर सुईची गरज पडत नाही. खोल असेल तर लिग्नोकेनची, म्हणजे भुलीची, सुई देतात. ओठ जाड झाल्यासारखा वाटतो आणि दोन-तीन तास तसाच राहतो. मशीन सुरू झाल्यावर "घर्रर्र" आवाजानंच माणसं अर्धी होतात. हात वर करायचं ठरवून घ्या: हात वर, मशीन बंद. पाण्याचा फवारा दाढ तापू नये म्हणून असतो, तो गिळू नका, मशीनच ओढून घेतं. मऊ, ओली कीड काढून कडा मजबूत होईपर्यंत साफ करतात. नसेच्या अगदी जवळ गेलं तर तिथं औषधाचा पातळ थर देतात आणि कधी कधी दोन-तीन आठवडे तात्पुरतं भरून पाहतात. दाढ शांत राहिली की पक्कं भरायचं. तात्पुरत्या मसाल्यात लवंग तेलातलंच युजेनॉल असतं आणि ते दाताच्या रंगाच्या कॉम्पोझिटला नीट कडक होऊ देत नाही. दुसरीकडे जाऊन पक्कं भरणार असाल तर "आधी तात्पुरतं भरलं होतं" एवढं नक्की सांगा.

आता भरायचं कशानं. लोक अजूनही "चांदी भरा" म्हणतात. ती नुसती चांदी नसते. चांदी, कथील, तांबं आणि निम्म्याच्या आसपास पारा. टिकायला दणकट, पण २०१३ च्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानंतर पाऱ्याचा वापर जगभर कमी होत चाललाय. पंधरा वर्षांखालच्या मुलांना, दिवस गेलेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना ती भरत नाहीत. तोंडात जुनी चांदी नीट बसलेली असेल तर उगाच काढून घेऊ नका. काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त उडते.

"सिमेंट" म्हणतात ते ग्लास आयोनोमर. इंग्लंडमध्ये १९७० च्या सुमारास शोधलं गेलं आणि खेड्यांसाठीच बनवलं असावं असं मला नेहमी वाटतं. ते दाताला रासायनिक रीतीनं धरून राहतं, थोडं थोडं फ्लोराइड सोडत राहतं, आणि किंचित ओल चालवून घेतं. हातातल्या चमच्यासारख्या अवजारानं कीड खरवडून ते बोटानं दाबून भरायची एक पद्धत आहे. ऐंशीच्या दशकात टांझानियात सुरू झाली. वीज लागत नाही, मशीन लागत नाही, शिबिरात शाळेच्या बाकावर आडवं करूनही भरता येतं. दुधाच्या दाढा, हिरडीजवळच्या खाचा, म्हातारी माणसं, यांना मी हेच भरते. राखुंडीनं किंवा विटकरीच्या भुग्यानं वर्षानुवर्षं घासून दाताच्या मुळाशी जी कुऱ्हाडीच्या घावासारखी खाच पडते, तिलाही हेच. पण चावायच्या मोठ्या दाढेत दोन भिंती गेल्या असतील तर ते झिजतं, तुटतं.

तिथं कॉम्पोझिट. दाताच्या रंगाचं, मजबूत, पण नखरेल. दाढ आधी आम्लाच्या जेलनं १५-२० सेकंद खरखरीत करायची, धुवायची, बाँड (चिकटवणारा द्रव) लावायचा, मग दोन-दोन मिलिमीटरचे थर देत प्रत्येक थर निळ्या उजेडानं कडक करायचा. या सगळ्यात लाळेचा एक थेंब लागला तरी ते पक्कं चिकटत नाही. म्हणून गालात कापसाच्या गुंडाळ्या किंवा रबराचा पडदा लावतात आणि म्हणूनच मधे जीभ घालून "काय चाललंय" ते चाचपडू नका.

शेवटी निळा किंवा लाल कागद दातांत धरून "चावा, घासा" म्हणतात. हे घाईत उरकू देऊ नका. एसटीची वेळ झाली म्हणून "बरोबर आहे" म्हणणारा माणूस चार दिवसांनी दाढ धरून परत येतो. भरलेलं केसभर उंच राहिलं तर सगळा चावा त्या एका दाढेवर पडतो. भूल उतरली नसताना अंदाज येत नाही, हेही खरं. घरी गेल्यावर उंच लागलं तर परत या, घासायला पाच मिनिटं लागतात.

घरी गेल्यावर

ओठ जड असेपर्यंत काही चावू नका. लहान पोरं बधिर ओठ गंमत म्हणून चावतात आणि संध्याकाळी तो सुजून येतो. आईनं लक्ष ठेवावं. कॉम्पोझिट तिथंच कडक झालेलं असतं, त्यामुळे भूल उतरली की जेवा. सिमेंट भरलं असेल तर तासभर काही नको आणि तो दिवस त्या बाजूनं मऊच खा. चांदी असेल तर चोवीस तास त्या बाजूला आराम. थंड पाण्याची बारीक चमक आठ-पंधरा दिवस राहू शकते आणि रोज कमी होत जाते. वाढत गेली, रात्री ठणकलं, तर नस दुखावलीय, दाखवा.

पुढं फुटाणे, सुपारी, मटणाची नळी यांच्यासाठी दुसरी बाजू ठेवा, निदान मोठ्या भरलेल्या दाढेच्या बाबतीत. खर्ऱ्यात सुपारी असते, चुना असतो, तंबाखू असतो. भरलेल्या दाढेची कड झिजवायला आणि रंगवायला तो एकटा पुरतो. रात्री झोपायच्या आधीचं घासणं सकाळच्यापेक्षा महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ कमी सुटते. भरलेली दाढ पुन्हा किडत नाही असं नाही. ती किडते आणि नेमकी भरलेल्याच्या कडेनं किडते. वर्षातून एकदा दाखवा. पेरणीच्या आधीचा उन्हाळा बरा, तेव्हा माझ्याकडे गर्दीही कमी असते.

भरलेलं निघालं तर

घाबरू नका, आणि फेविक्विकनं चिकटवूही नका. मिठाच्या पाण्यानं खड्डा धुवा, त्या बाजूनं चावू नका आणि आठवड्याच्या आत या. येताना तुकडा घेऊन या. अख्खा निघाला असेल तर चिकटण्यात चूक झाली. तुकडे पडून निघाला असेल तर तो उंच होता किंवा दाढेची भिंत पातळ होती. डॉक्टरला एवढ्यावरून पुढचं ठरवता येतं.

दवाखाना नवा होता तेव्हा एका काकाजींची दाढ भरताना मधेच लाइन गेली. कॉम्प्रेसर बंद, हवा नाही. त्यांची पाचची गाडी होती, म्हणून मी कापसानंच दाढ कोरडी केली आणि बॅटरीवरच्या उजेडानं भरून टाकली. तीन आठवड्यांनी ते माचिसच्या डबीत तो तुकडा घेऊन आले. अख्खा, चकचकीत, एक ओरखडा नाही. चूक माझी होती, तसं सांगितलं आणि फुकट भरून द्यायला खुर्चीत बसवलं. त्यांनी तोंड उघडायच्या आधी माझ्या डोक्यावरच्या बल्बकडे पाहिलं.

"बाई, आधी हे सांगा, आज लाइन कवापर्यंत आहे?"